खाटेकडं अडणारा पंखा

नवरा गेल्यापासून चांगुणाबाईंचा टेबलपंखा त्याच्या रिकाम्या खाटेकडं वळायचा आणि तिथंच अडून बसायचा. संगमनेरच्या मिस्त्रीनं तो खोलून दुरुस्त केला. दुकानात गुमान फिरला, घरी येताच पुन्हा खाटेकडं तोंड. "भंगारात घाल ते," म्हणत लेकानं, राधाकृष्णानं, नवा पंखा आणला. भर दुपारी त्यानं बटण दाबलं. नवा पंखाही खाटेकडं वळला आणि थांबला. राधाकृष्ण पांढराफटक पडला.

चांगुणाबाई मात्र भडकल्या. जितेपणीही ह्या माणसानं सगळा वारा एकट्यानंच खाल्ला होता.

"अवो, मी बी हाय की घरात!" त्या खाटेवर खेकसल्या.

पंखा हळूहळू त्यांच्याकडं वळला.

चांगुणाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.