मालाची खोली

धम्मदीपने अलिबागला दुसऱ्याच्या गॅरेजात बरीच वर्षं गाड्या चमकवल्या आणि मग आगरदांड्याजवळच्या आपल्या घराच्या अंगणात स्वतःची शेड टाकली. आजूबाजूला मुंबईकरांचे बंगले वाढले होते. खाऱ्या वाऱ्याने गाड्यांचा रंग उडतो, पत्र्याला गंज धरतो, म्हणून लोक गाडीवर कोटिंग करून घ्यायचे. शेडवर त्याने पाटी लावली, ‘कार डिटेलिंग’. गावात कोणी विचारलं की त्याचे वडील बाळारामअण्णा सांगायचे, “गारी न्हाऊ घालतो आमचा पोरगा. पन अशी न्हाऊ घालतो की तोंड दिसतं तिच्यात.”

अण्णांचा जन्म आगरदांड्याच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधण्यात गेला होता. हातांना घट्टे होते आणि छातीत दमा. बायको, इंदूबाई, जाऊन चार पावसाळे झाले होते. आतल्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, त्यांची खाट होती. घरातली तेवढीच एक खोली स्लॅबची. पुढची पडवी पत्र्याची आणि अर्ध्या भिंतीची. वर जाळी होती. तिथून खाडीचं वारं थेट आत यायचं.

दिवाळीनंतर धम्मदीपने पनवेलच्या अल्पेशकडून वर्षभराचा माल एकदमच उचलला. कोटिंगच्या काचेच्या बाटल्या, वॅक्सचे डबे, शाम्पूचे कॅन, डांबराचे डाग काढायचं उग्र वासाचं द्रावण. सगळी खोकी शेडमध्ये रचली. डिसेंबर सरता सरता थंडी पडली. समुद्राकाठी एरवी थंडी म्हणजे पहाटेचा गारवा, पण त्या वर्षी उत्तरेचं वारं खाली उतरलं आणि म्हातारी माणसं दुपारीही कानाला मफलर बांधून बसू लागली.

धम्मदीपने खोक्यांवरचं इंग्रजी मोबाइलवर धरून वाचलं. माल थंडीत ठेवू नये. गोठला की फाटतो, मग उपयोगाचा राहत नाही. विस्तवापासून लांब ठेवावा.

त्या संध्याकाळी तो अण्णांच्या खाटेवर येऊन बसला.

“अण्णा, शेडचा पत्रा बर्फासारखा होतो. माल खराब झाला तर मी संपलो. थंडीपुरती ही खोली द्याल का?”

“माजं काय रं,” अण्णा म्हणाले. “मी कुटंबी पडंन. ने तुजा माल आत.”

त्याची बायको रचना दारात उभी होती. “अहो, अण्णांना दमा आहे. पडवीत कसे झोपतील ते? माल आपल्या खोलीत ठेवू.”

“आपल्या खोलीला खालून ओल येते. खोकी भिजतील. तुला यातलं काही कळत नाही.”

खाट पडवीत आली. आतली खिडकी बंद झाली, फटींत चिंध्या कोंबल्या गेल्या. खोकी तसबिरींच्या खालपर्यंत चढली. रचनाने जाळीला प्लास्टिक बांधलं, पण वारं ते फडफडवत राहायचं.

अण्णा रोज सकाळी तसबिरींपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी धम्मदीपने त्यांना उंबऱ्यावर थांबवलं.

“अण्णा, मेणबत्ती आत नको. ते डाग काढायचं द्रावण आहे ना, त्याचा वास पेट घेतो.”

अण्णांनी हातातल्या मेणबत्तीकडे पाहिलं, ती खिशात टाकली आणि बाहेर उभं राहूनच हात जोडले. अंगणातली शेकोटीही त्याच दिवशी बंद झाली. संध्याकाळी शेजारचे दोघे-तिघे म्हातारे तिथे हात शेकायला यायचे, लाँचच्या दिवसांच्या गप्पा चालायच्या. आता ते नाक्यावर बसू लागले. अण्णांना तिथवर चालवायचं नाही.

खोकला आठवड्याभरात सुरू झाला. आधी कोरडा, मग छाती पिळवटून निघणारा. रचनाने आलं उकळून दिलं, छातीला तेल चोळलं. “खोली मोकळी करा,” तिने नवऱ्याला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, “संक्रांतीपर्यंत दम काढ. थंडी उतरली की करतो.”

मग एका सकाळी ती झाडायला आतल्या खोलीत गेली. कोटिंगच्या बाटल्यांच्या खोक्यांवर गोधडी पांघरलेली होती. इंदूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, हिरव्या काठाची. पेटीतून काढून धम्मदीपनेच रात्री घातली होती. दाराबाहेर अण्णा चादरीवर शाल घेऊन गुडघे पोटाशी धरून पडले होते.

रचनाने गोधडी ओढून काढली आणि अण्णांच्या अंगावर टाकली. धम्मदीप मागून आला.

“काय करतेस? रात्री पारा आणखी उतरणार आहे.”

“तुमच्या आईनं ही बाटल्यांसाठी शिवली होती का?”

“ओरडू नको. बाटली बोलत नाही थंडी वाजते म्हणून. माणूस बोलतो. अण्णा, तुम्हाला थंडी वाजते का?”

अण्णांनी डोळे उघडले. दोघांकडे पाहिलं. “न्हाय,” ते म्हणाले. “दे त्याला, रचना. त्याच्या धंद्याला लागतं.”

त्यांनी स्वतःच गोधडी बाजूला सारली. धम्मदीपने ती उचलून आत नेली. रचनाने आपलं पांघरूण आणून अण्णांना दिलं आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

संक्रांतीच्या आधी अण्णांना ताप भरला. धम्मदीप एका बंगल्यावर काम घेऊन गेला होता, फोन लागेना. अण्णांचे ओठ काळे-निळे दिसत होते. रचनाने शेजाऱ्याची रिक्षा बोलावली, मुरूडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि अलिबागला न्यायला सांगितलं. न्यूमोनिया झाला होता.

अण्णांची थोरली मुलगी मैत्री अलिबागला शिक्षिका होती. ती शाळेतून तशीच दवाखान्यात आली. धम्मदीप संध्याकाळी पोचला. अण्णांच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला होता.

“एवढं होईपर्यंत काय करत होतात?” मैत्रीने विचारलं. “अण्णा झोपत कुठे होते?”

धम्मदीपने अण्णांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

“पडवीत,” रचना म्हणाली. “आत माल होता.”

मैत्रीने भावाकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत अण्णांनी नाकावरचा मास्क बाजूला केला. “मीच गेलतो भायेर,” ते धापा टाकत म्हणाले. “आत उकडत व्हतं.”

जानेवारीत उकडत होतं. मैत्रीने मास्क परत नीट बसवला.

अण्णा वाचले. ते दवाखान्यात असतानाच अल्पेश राहिलेली खोकी द्यायला घरी आला. पहाटे पनवेलहून उघड्या टेम्पोत माल आणला होता, खोक्यांवर दव पडलं होतं. धम्मदीप धावत गेला.

“उघड्यावर आणलंत? थंडीने फाटेल ना सगळं!”

“कसली थंडी?” अल्पेश हसला. “अरे, ते कंपनीवाले बर्फाच्या देशासाठी लिहितात. आपल्या कोकणात काय गोठणार? शेडमध्ये ठेव बिनधास्त.” मग तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला आणि नाकाला रुमाल लावून मागे सरला. “खिडकी का बंद केलीस? हा वास कोंडला तर घर उडेल भाई. हे असलं घरात ठेवतात का?”

अल्पेश गेल्यावर धम्मदीपने एकट्याने सगळी खोकी शेडमध्ये नेली. चिंध्या उपटल्या, खिडकी उघडली, फरशी दोनदा पुसली, भिंतींना चुना मारला. खाट पूर्वीच्या जागी ठेवली, वर गोधडी अंथरली. रचना चुलीशी बसून होती. ती मदतीला उठली नाही.

अण्णांना घरी आणलं तेव्हा ते आतल्या दारापाशी थांबले.

“वास येतो रं अजून,” ते म्हणाले.

“जाईल अण्णा. दोन दिवसांत जाईल.”

“व्हय. जाईल की.” ते पडवीतल्या बाकावर बसले. मैत्री बरोबर होती. त्यांना आपल्याकडे न्यायचं म्हणून तिने रचनाला त्यांचे कपडे भरायला सांगितले. धम्मदीप म्हणाला, “ताई, आता सगळं नीट केलंय.” तिने कपड्यांची पिशवी उचलली. अण्णांनी राहतो म्हटलं नाही. निघताना आत जाऊन त्यांनी तसबिरींना हात जोडले आणि कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरले.

फेब्रुवारीत ऊन तापलं. धंदा जोरात चालला. एका सोमवारी धम्मदीप मासळी आणि शहाळी घेऊन मैत्रीकडे गेला. अण्णा गॅलरीत उन्हात बसले होते, चेहऱ्यावर जरा रक्त आलं होतं. त्याला बघून हसले. त्याने घरी चला म्हणून विचारायचं ठरवलं होतं. वाटेत चार वेळा मनात बोलून पाहिलं होतं.

अण्णांनीच आधी विचारलं, “माल खराब न्हाय ना झाला तुजा?”

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच काळजी होती.

“नाही अण्णा,” धम्मदीप म्हणाला. “सगळा चांगला आहे.”

“मंग बरं झालं.”

तो आणखी थोडा वेळ बसला. मैत्रीने चहा दिला तो घेतला. चला म्हणायचं तोंडून निघालं नाही. घरी पोचला तेव्हा रचना भाकऱ्या थापत होती.

“अण्णा काय म्हणाले?” तिने मान वर न करता विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला आणि हातपाय धुवायला मागे गेला.