झोपलेल्या राजकन्येचा नाच

एकाच सिनेमात पाच परीकथा कोंबायच्या आणि सगळ्यांना गायला लावायचं, ही कल्पना दिग्दर्शकाला आंघोळ करताना सुचली होती. जंगल एकच असेल, हे निर्मात्याने आंघोळ न करताच ठरवलं. त्यामुळे अडीच महिने पुठ्ठ्याची तीच झाडं इकडून तिकडे सरकवून लांडगा, चेटकीण, काचेचे बूट घालणारी नवरी, मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची मुलगी आणि शंभर वर्षं झोपलेली राजकन्या आळीपाळीने कॅमेऱ्यासमोर येत होती.

कोण कुठल्या कथेत, कुठल्या झाडामागे, कुठल्या हातात काय घेऊन उभं होतं, याची नोंद ठेवायचं काम वहीबाईंचं. त्यांचं खरं नाव आता पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्या एकाही सिनेमात डाव्या हातातला पेला आपोआप उजव्या हातात गेला नव्हता, की जळून निम्मी झालेली मेणबत्ती पुन्हा उंच झाली नव्हती. दिग्दर्शक आले आणि गेले, वहीबाई टिकल्या, त्या एवढ्याच भांडवलावर.

चूक सापडली ती संकलकाला. संकलक म्हणजे बाईंचे धाकटे दीर. त्यांनी वहिनींना कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि लग्नाचं गाणं सुरू केलं.

हे गाणं म्हणजे सात मिनिटांचा सलग शॉट. याला कात्री लागली नाही आणि कंप्युटरचा हातही लागला नाही, असं दिग्दर्शकाने तीन मुलाखतींत सांगून टाकलं होतं. तिसऱ्या मिनिटाला नवरदेवाच्या खांद्यामागे, गर्दीत, एका मुलीने गिरकी घेतली. तिच्या डोक्याचा रुमाल घसरला. मुलगी हसली आणि तशीच नाचत राहिली.

"ही झोपलेली आहे ना?" दीर म्हणाले. "उठते पुढच्या गाण्यात."

ती तिथे का होती, ते बाईंनाच ठाऊक होतं. नाचणारे कमी पडले की दुसऱ्या कथेतल्या रिकाम्या नट्यांना रुमाल बांधून गर्दीत मागे उभं करायचं, ही त्या सेटवरची रीतच होती. फक्त राजकन्येला त्यातून सूट होती, कारण तिचा चेहरा पोस्टरवर होता. पण नऊ दिवस पलंगावर पडून पोरीची पाठ धरली. "मावशी, नाचू द्या ना मला मागे. नाहीतर खरंच झोप लागेल." बाईंनी रुमाल स्वतःच्या हाताने बांधला. शॉट चालू असताना मात्र त्या नवरीचे बूट बघत होत्या. त्या दिवशी सगळेच बूट बघत होते.

"कंप्युटरवाल्यांना सांगतो," दीर म्हणाले. "रुमाल परत चढवतील, चांगला नाकापर्यंत. तीन दिवसांचं काम. दिग्दर्शकाला पत्ता लागणार नाही. दादाला तर नाहीच."

"तुमच्या दादांना सिनेमा कुठला चाललाय तेही माहीत नाही, भाऊजी."

"मग सांगू ना?"

"सांगा."

दुपारी राजकन्या डबिंगला आली. तिला सिनेमात एकच वाक्य होतं, ते म्हणजे "किती वाजले?" ते चार वेळा म्हणून ती निरोप घ्यायला खोलीत डोकावली आणि पडद्याकडे बघत दारातच थांबली.

"ही मी आहे."

दिरांनी बटण दाबायला हात पुढे केला, पण बाई म्हणाल्या, "बघू दे."

तिने ते तीनदा बघितलं. "जागी होते त्या गाण्यात माझं फक्त डोकं दिसतं, मागून," ती म्हणाली. "कॅमेरा राजपुत्राकडे आहे. म्हणजे डोळे उघडे असलेली मी एवढीच. आई मला ऐकवत असते, सात वर्षं नाच शिकवला तो काय झोपा काढायला? हे राहणारे ना, मावशी? सांगू तिला?"

"सांग," बाई म्हणाल्या. असं म्हणायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

ती गेल्यावर दिरांनी खुर्ची फिरवली. "वहिनी, आता रुमालाचं काय?"

"राहू दे."

"आणि सिनेमा लागल्यावर कुणी दाखवून दिलं तर?"

"तेव्हा तुमच्या माथी मारतील. म्हणून दिग्दर्शकाला आजच सांगून येते."

दिग्दर्शक आला. पहिल्या वेळी त्याला काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"शंभर वर्षांत एखादेवेळी उठली असेल पाणी प्यायला," दीर म्हणाले. कुणी हसलं नाही.

"रुमाल चढवता येईल?" दिग्दर्शकाने विचारलं.

"येईल," बाई म्हणाल्या. "पण कंप्युटरचा हात लागला नाही असं तुम्ही तीनदा सांगून बसलायत. चौथ्या मुलाखतीत काय सांगणार?"

दिग्दर्शकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तिला गर्दीत कुणी घातलं?"

"मी. रुमालही मीच बांधला होता."

"शॉटला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. मग दाराशी जाऊन वळला. "बाई, पुढच्या सिनेमाला मी दुसरं कुणीतरी बघतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत," बाई म्हणाल्या.

दिरांना खूप काही बोलायचं होतं, पण बाई पर्स उचलून निघाल्यासुद्धा.

घरी पोचल्या तेव्हा चार वाजले होते. यजमानांना सुट्टी होती, ते पेपर वाचत होते. या वेळेला बायको दारात, हे दृश्य त्यांना नवीन होतं.

"आज लवकर?"

"आता लवकरच. काम सुटलं."

त्यांनी पेपरची घडी घातली.

"उद्या नळवाला यायचाय," ते शेवटी म्हणाले. "दहा ते पाचमध्ये कधीही येतो म्हणालाय. मी रजा टाकणार होतो."

"टाकू नका," बाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.