ओताकरचा उजवा पाय

आमच्या फ्लाइंग क्लबचं ते चार सीटचं विमान ओताकर वीस वर्षं उडवतोय. मोरावियातल्या आमच्या गवताळ धावपट्टीवर निम्म्या लोकांना त्यानंच शिकवलं, मलाही. दर वसंतात तो माझी उजळणी घेतो.

यंदाही बाराशे मीटरवर गेल्यावर त्यानं मला स्टॉल करायला सांगितला. वेग कमी करत नाक उचलत नेलं की एका क्षणी पंखांना विमान पेलवत नाही आणि नाक खाली येतं. हा स्टॉल.

"ही म्हातारी नुसती मान डोलावते," ओताकर विमानाबद्दल म्हणाला. "कर बिनधास्त, यार्मिला."

मी नाक उचललं. डावा पंख खाली गेला असं म्हणता येणार नाही; तो एकदम कोसळलाच. समोरचं आकाश गेलं, पिवळी शेतं आली आणि गरगर फिरायला लागली. माझे हात दांड्यावर आखडले. "सोड," एवढंच ओताकर म्हणाला. त्यानं इंजिन मंद केलं, शेपटीचं सुकाणू फिरवणारं उजवं पेडल तळाशी दाबलं, नाक पुढे ढकललं. विमान सरळ झालं तेव्हा जवळजवळ निम्मी उंची संपली होती.

मग तो म्हणाला की माझे पाय चुकले. चुकले असतीलही. मी त्याला म्हटलं, तूच करून दाखव.

आम्ही पुन्हा वर गेलो. बाहेर बघायची माझी हिंमत होत नव्हती, म्हणून मी त्याच्या बुटांकडे बघत बसले. त्यानं नाक उचललं, विमान हळूच खाली झुकलं, पंख सरळच राहिले.

"बघितलंस?"

"ओता, तुझा उजवा पाय आधीच दाबला गेला."

"काहीतरीच काय."

"मी तिथेच बघत होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही पाय पेडलवरून काढून विमानाच्या तळावर टेकवले आणि पुन्हा नाक उचललं. डावा पंख तसाच कोसळला. या वेळी तो तयारीत होता, त्यानं लगेच सावरलं. मग तो सरळ उतरायलाच निघाला.

मेकॅनिकला एक असं कारण सापडलं नाही. गारांनी पडलेले पोचे भरून काढलेले, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर रंगाचे थरावर थर, झिजलेल्या बिजागऱ्या. सगळं थोडं थोडं, वर्षानुवर्षं. विमान जसजसं डावीकडे पडायला लागलं, तसतसा ओताकरचा पाय ते सावरायला शिकत गेला. त्याला मात्र पत्ताच नाही.

तो हँगरबाहेर गवतात बसला. मी पाणी नेऊन दिलं, ते त्यानं हातात नुसतं धरलं.

"ब्लांका," तो म्हणाला.

त्याच्याकडे शिकणाऱ्या ब्लांकानं गेल्या शरदात क्लब सोडला होता. डावा पंख पडतो, असं ती सारखी सांगायची. तुझे पाय झोपलेले असतात, असं ओताकरनं तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

"आणि मी तिला त्यात एकटीला वर पाठवलं, यार्मिला. एकटीला."

आम्ही लगेच तिच्याकडे निघालो, गाडी मी चालवली. ब्लांका एका रोपवाटिकेत कामाला असते. ओताकरनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती मातीनं माखलेल्या हातांनी ऐकत राहिली.

"म्हणजे विमानच पडत होतं?"

"हो."

"सर, मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी विमानांकडे मान वर करून बघायचंसुद्धा सोडलं होतं."

मग तिनं विचारलं, दुरुस्ती झाल्यावर तपासणार कोण?

"तू येशील? माझ्या पायांना ते कळत नाही."

ती रोपांच्या ओळीकडे निघून गेली.

जुलैत ती आली आणि दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर वर गेली. उतरल्यावर म्हणाली, अजून जरासं डावीकडे पडतंय. मेकॅनिकला ते पटलं नाही. ओताकरनं काही न विचारता विमान पुन्हा हँगरमध्ये ढकलायला घेतलं आणि मेकॅनिक, ब्लांका आणि मी, आम्ही तिघांनी मागून हात लावला.