वीस पौंडांचा टर्की

गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार म्हणजे मोठा टर्की घ्यायचा शेवटचा दिवस. गोठून दगड झालेला तो पक्षी फ्रिजमध्ये वितळायला चांगले पाच दिवस खातो. गुरुवारी सकाळी पोटात बर्फ घेऊन बसलेल्या टर्कीपुढे रडकुंडीला आलेल्या बायका या गावानं पुष्कळ पाहिल्या होत्या. आर्डिथ लिंडक्विस्टवर ती वेळ कधी आली नव्हती. यंदा तिची अडचण वेगळीच होती. जेवायला कोण येणार, हेच तिला ठाऊक नव्हतं.

माणशी दोन पौंड, हा तिचा हिशेब. म्हणजे शुक्रवारच्या सँडविचलाही उरतो. ती आणि नणंद व्हेल्मा, दोघी तर घरातल्याच. लेक जोलीन, जावई, त्यांची चार मुलं आणि व्याही-विहीणबाई आली, तर दहा पानं आणि वीस पौंड. दरवर्षी हेच ठरलेलं.

पण गेल्या वर्षी जोलीन भर पंगतीत म्हणाली होती, "आई, कोरडा झालाय गं." आर्डिथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग पुढच्या वर्षी तूच भाज!" असं ती बोलून गेली. त्यानंतर फोन होत होते, पण हवापाणी आणि मुलांची सर्दी यापलीकडे गाडी जात नव्हती. थँक्सगिव्हिंगचं नाव दोघींपैकी एकीनंही काढलं नाही.

"विचार ना सरळ," व्हेल्मा दुकानातल्या ढकलगाडीवर रेलून म्हणाली. "फोन केलास तर बोटं झडणार आहेत का?"

"मी विचारू? आजवर कधी विचारलंय का? स्वतःच्या आईकडे यायला आमंत्रण लागतं? ती काय पाहुणी आहे?"

"बरं बाई. मग उचल एक काहीतरी. माझी बोटं गारठली."

फ्रीजरवर वाकून आर्डिथनं वीस पौंडांच्या टर्कीवर हात ठेवला. नेला आणि कोणी आलंच नाही तर? दोन म्हाताऱ्या नाताळापर्यंत तोच चघळत बसतील, आणि व्हेल्मा घासागणिक टोमणा मारेल. तिनं हात काढला आणि तळाशी पडलेला सगळ्यात लहान, दहा पौंडांचा उचलला. एवढ्याशा पक्ष्याचं तिला ओझं वाटलं. फार वाईट वाटलं तिला.

क्रॅनबेरीच्या डब्यांपाशी वळताना समोरून जोलीनच आली. दोन ढकलगाड्या समोरासमोर थांबल्या. आर्डिथनं आधी लेकीच्या गाडीत पाहिलं आणि मग तोंडाकडे. गाडीत एक भला थोरला टर्की आडवा पडला होता.

"तूही आलीस होय," जोलीन म्हणाली.

"आले. भाजणार आहेस म्हणजे."

"तूच म्हणाली होतीस की."

म्हणजे ठरलं तर. आता सगळा सण लेकीच्या घरी, विहीणबाईंच्या देखरेखीखाली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं टर्कीवरची चिठ्ठी वाचली. वीस पौंड.

"एवढा? तुम्ही तर आठच जण," ती म्हणाली. "सोळा पुरे झाला असता. माणशी दोन, विसरलीस?"

"नाही विसरले."

आर्डिथनं मनात पुन्हा हिशेब केला. मग तिसऱ्यांदा केला. व्हेल्मा खुदकन हसली आणि उगाच डबे न्याहाळू लागली.

"आणि हा भाजणार कशात?" आर्डिथनं टर्कीवर बोट ठेवून विचारलं. "तुझ्या भांड्यात याचे पाय बाहेर लोंबतील."

"लोंबतील ना."

"ती पत्र्याची भांडी मिळतात बघ तिकडे. एकदा वापरून टाकायची."

"पाहिली मी. नाही घेतली." जोलीन गाडीच्या दांड्याशी चाळा करत राहिली. "तुझं ते निळं भांडं लागणार आहे, आई. आणि ते तू एकटं कुठं पाठवत नाहीस."

हे खरंच होतं. सासूकडून आलेलं ते भांडं आर्डिथशिवाय उंबरा ओलांडत नसे. तिनं आपल्या गाडीतला लहानगा टर्की उचलला आणि व्हेल्माच्या हातात कोंबला. "जा, ठेवून ये परत."

"गारठलेल्या बोटांनी?" व्हेल्मा पुटपुटली, पण निघाली तुरुतुरु.

"दर अर्ध्या तासानं वरून त्याचाच रस सोडत राहायचा," आर्डिथ लेकीला म्हणाली. "नाहीतर कोरडा होतो."

"हो का?" जोलीन गालातल्या गालात हसली. आर्डिथलाही हसू आवरेना.

"गुरुवारी किती वाजता येऊ मग?" तिनं विचारलं.

"तुला काय वेळ सांगायची, आई?" जोलीन म्हणाली. "तू काय पाहुणी आहेस?"