कार्डाच्या मागची सही

डेल हॅव्हरकॅम्पला खेळाडूंची पारख नाही, हे मी निवृत्त झाल्यापासून सात वर्षं केस्टरव्हिल गावाला सांगत आलो. गसच्या खानावळीत सांगितलं, चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात सांगितलं, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याला फडकं बांधलेलं असतानाही सांगितलं. त्यामुळे मिसेस स्ट्राउडचा फोन आला तेव्हा वाटलं, उशिरा का होईना, बाईंना शहाणपण सुचलं.

मिसेस स्ट्राउड म्हणजे आमच्या मिलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मालकीणबाई, आणि हॅव्हरकॅम्प त्यांचा जनरल मॅनेजर. मी ऑर्व्हिल टिश्लर. सव्वीस वर्षं या संघासाठी कॉलेजा-कॉलेजांतून खेळाडू हेरत फिरलो. हॅव्हरकॅम्पचा करार महिनाअखेर संपत होता. दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात. हॅव्हरकॅम्पच्या अशा बारा ड्राफ्टांची छाननी करून मी एका शब्दात सांगायचं होतं, ठेवायचा की काढायचा.

"गावाला तो नकोय," बाई म्हणाल्या. "पण नुसत्या आरड्याओरड्यावर मी माणूस काढत नाही. तुमचं नाव त्यानेच सुचवलंय, बरं का."

मला हसूच आलं. बोकडाने स्वतःहून खाटकाचा पत्ता द्यावा, तसंच झालं हे.

माझा खटला तयारच होता. नऊ वर्षांपूर्वी आमची पाळी तिसरी होती आणि आम्हाला क्वार्टरबॅक हवा होता. चेंडू त्याच्याच हातून पुढे जातो, तो चुकला की संघ बसला. मी टेबलावर मूठ आपटून टोबिन रकर्टचं नाव घेतलं, आणि हॅव्हरकॅम्पने निवडला कोल ब्रँडव्होल्ड. ब्रँडव्होल्ड दोन हंगामांत घरी गेला. रकर्टने दुसऱ्या गावाला दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की पुढचं वाक्य माझ्या आधी गसच बोलायचा. मग ती पेपरात छापून आली, आणि तेव्हापासून प्रत्येक सामन्याला लोक "रकर्ट कुठे आहे?" असे फलक घेऊन बसायला लागले. हॅव्हरकॅम्पच्या बायकोने मैदानावर येणं सोडलं ते तेव्हाच. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मैदानाखालच्या खोलीत बर्नाडेट सगळ्या खेळाडूंची कार्डं सांभाळते. पुढच्या बाजूला नाव, उंची, वजन, वेग, आणि संघात किती वर्षं टिकला ते. मागची बाजू आमची, खेळाडू हेरणाऱ्यांची. हॅव्हरकॅम्पने पहिल्याच वर्षी नियम घातला होता की आमच्यातल्या प्रत्येकाने वर्षाला एकाच कार्डाच्या मागे सही करायची. सही केली म्हणजे या खेळाडूसाठी मी जामीन. तुम्ही सही केलीत की हॅव्हरकॅम्प तुमचं ऐकायचा. दुसरा नियम असा, की खोलीतलं खोलीतच राहील, बाहेर प्रत्येक निवड हॅव्हरकॅम्पची. हा दुसरा नियम मी गसच्या खानावळीत मोडला होता, पण म्हाताऱ्याचं तोंड कोण धरणार?

दोन दिवस मी पुढच्या बाजू वाचल्या. हॅव्हरकॅम्पची कामगिरी मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरी निघाली. जवळजवळ निम्मे खेळाडू चार वर्षांच्या वर टिकले होते, आणि असं फार थोड्या संघांना जमतं. माझी चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी, ताटातला गोड घास शेवटी ठेवावा तसं राखून ठेवलेलं ब्रँडव्होल्डचं कार्ड काढलं आणि उलटं केलं.

मागे हिरव्या शाईत सही होती. ओ. टिश्लर.

मला आधी वाटलं, कोणीतरी खोडसाळपणा केलाय. पण हिरवी शाई त्या खोलीत फक्त मी वापरायचो, तीसुद्धा इतरांना डिवचायला. मी कार्ड टेबलावर ठेवलं. बर्नाडेटने न विचारता रकर्टचं कार्ड आणून शेजारी ठेवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "हात चांगला. दडपणाखाली पाय लटपटतात. घेऊ नका." खाली हॅव्हरकॅम्पचं बारीक अक्षर होतं. "मला हा हवा होता. पण ऑर्व्हने दोघांनाही प्रत्यक्ष पाहिलंय. त्याचं ऐकतो."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं, ऑर्व्ह. आम्हाला वाटायचं, तू मुद्दाम करतोस."

मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. निदान खरं काय ते मला तरी ठाऊक असतं. मला ती मूठ आठवत होती, टेबलावरचा सांडलेला कॉफीचा कप आठवत होता. मूठ खरीच आपटली होती मी. ब्रँडव्होल्डसाठी. रकर्ट जिंकत गेला तसतसं माझ्या डोक्याने गुपचूप नाव बदललं, आणि मला पत्ताच लागला नाही. एकाहत्तराव्या वर्षी मला स्वतःची भीती वाटली.

दोन्ही कार्डं घेऊन तसाच वर गेलो. हॅव्हरकॅम्प टेबलाशी सँडविच खात होता.

"बोलला का नाहीस?" मी म्हणालो.

त्याने कार्डांकडे पाहिलंसुद्धा नाही. "सही तुझी असली तरी नाव मी पुकारलं होतं. आणि तुला गावासमोर उघडं पाडलं असतं, तर पुढच्या वर्षी सही करायला कोण धजावलं असतं?"

"मग माझं नाव का सुचवलंस?"

"दुसरा कोणी पुढची बाजू वाचून निघून गेला असता. तू ब्रँडव्होल्डचं कार्ड उलटणारच. मला ठेचायची एवढी हौस दुसऱ्या कोणाला आहे?" मग त्याने तोंड पुसलं. "अहवालात काय लिहायचं ते तुझं तू बघ."

मी गाडीत तासभर बसून राहिलो. बाई कधी कार्ड उलटणार नव्हत्या. डेल आणि बर्नाडेट तोंड उघडणार नव्हते. "काढा" असा एक शब्द लिहिला की माझी गोष्ट कायमची खरी ठरली असती. हा विचार मला सुचला, आणि सुचल्याची लाज अजून जात नाही.

बाईंच्या टेबलावर मी दोन्ही कार्डं उलटी ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचली.

"म्हणजे गाव सात वर्षं ज्या चुकीसाठी डेलला शिव्या घालतंय..."

"ती माझी आहे. त्याला ठेवा."

त्यांनी कार्डं माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "करार मी आजच करते. पण गावाला कोण सांगणार? तो तर सांगायचा नाही."

शनिवारी गसच्या खानावळीत नेहमीची गर्दी होती. गसने माझ्या कपात कॉफी ओतली आणि शेजारच्या पाहुण्याला म्हणाला, "ऑर्व्हकडून रकर्टची गोष्ट ऐका. मूठ आपटून सांगितलं होतं यांनी."

"मूठ मी ब्रँडव्होल्डसाठी आपटली होती," मी म्हणालो. "सहीपण माझीच आहे. रकर्ट डेलला हवा होता."

सगळे खो खो हसले. म्हाताऱ्याने या वेळी नवीन शेवट जोडला म्हणून पाहुण्याने टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली नाही. हसू विरेपर्यंत थांबलो, आणि गसच्या हातातली किटली टेबलावर टेकल्यावर गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो.