साखळीचं शेवटचं टोक

टॅमसिन नॅनकॅरोच्या बोटीवरची नांगराची साखळी इतकी जड, की तिचा हातभर तुकडा उचलतानाही मला धाप लागे. पण त्या साखळीचं बोटीतलं टोक बांधलेलं होतं करंगळीएवढ्या दोरीनं. दर वसंतात टॅमसिन जुनी दोरी काढून नवी बांधायची, आणि तिचा धाकटा भाऊ जोरी दरवेळी तेच म्हणायचा.

"बाबांचा एवढा थोरला नांगर, आणि तू तो बुटाच्या नाडीनं बांधतेस! लोखंडी कडी घाल की."

"ती कडी तुझ्या तोंडाला घालते," टॅमसिन म्हणायची.

दोघंही माझ्या शाळेत शिकलेली. मी निवृत्त झाल्यावर टॅमसिन उन्हाळ्यात एखाद्या रविवारी मला बोटीवर न्यायची. आमच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर तिच्याइतकी सफाईनं शीड हाकारणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. मी मात्र नुसता कोपऱ्यात बसायचो. बोलायला काही सुचलं नाही की मी शब्दांच्या जन्मकथा सांगू लागतो, तसा अशाच एका रविवारीही लागलो.

"इंग्रजीत 'टु द बिटर एंड' म्हणतो ना आपण? माघार न घेता, अगदी अखेरपर्यंत. लोकांना वाटतं, त्यातला 'बिटर' म्हणजे कडू. पण जुन्या जहाजांच्या डेकवर दोन जाड खुंट असत. त्यांना 'बिट' म्हणत. नांगराचा दोर त्यांना वेढे देऊन सोडायचा. दोराचा जहाजात राहणारा शेवट तो 'बिटर एंड'. तो आला, की सोडायला आणखी दोर उरला नाही." मग मी घाईनं पुस्ती जोडली, "निदान काही पुस्तकांत तसं आहे. काही जण कडूच खरं मानतात. मला खात्री नाही."

"मास्तर, परीक्षेत मी असं लिहिलं असतं तर भोपळा दिला असता तुम्ही," जोरी म्हणाला. "कडू असो की खुंट, आपण धरून ठेवणारी माणसं."

दुपारी कड्याच्या आडोशाला नांगर टाकून आम्ही पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, खाल्ल्या. तेवढ्यात वारा फिरला. समुद्राकडून थेट अंगावर येऊ लागला, आणि मागचे खडक पांढरे फेसाळले. बोटीला इंजिन नव्हतं. टॅमसिननं ताणलेल्या साखळीवर तळहात ठेवला.

"थरथरतेय. नांगर घसरतोय."

तिनं आणखी साखळी सोडली. मग आणखी. शेवटी डेकमधल्या भोकातून साखळीचं टोक वर आलं आणि त्यामागोमाग ती बारीक दोरी, ताठ ताणलेली. सोडायला आता काही उरलं नव्हतं. नांगर घसरतच होता. खडक इतके जवळ आले की त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं. नांगर ओढून वर घ्यायला वेळ नव्हता.

टॅमसिननं साखळीच्या टोकाला जागा दाखवणारा पिवळा, तरंगता बोया बांधला आणि सुरी काढली. जोरी मध्ये उभा राहिला.

"बाबांनी हा नांगर कधी सोडला नाही, टॅम!"

"ही दोरी बांधायला मला कुणी शिकवलं? बाबांनीच. कशासाठी शिकवलं असेल?"

"अजून धरेल तो!"

मला वाटलं, ती त्याला ढकलून दोरी कापेल. मी असतो तर तसंच केलं असतं, किंवा खरं म्हणजे काहीच केलं नसतं. टॅमसिन हलली नाही. लाट डेकवरून गेली तरी तिचा आवाज चढला नाही.

"कापायला काय, मास्तरही कापतील. पण कापल्या क्षणी शीड वर नसलं तर आपण खडकावर. तुझ्याइतक्या झटक्यात ते मला चढवता येत नाही. तू शिडाचा दोर हातात घेतल्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

जोरीनं मागे खडकांकडे पाहिलं. मग नांगराच्या दिशेनं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तो डोलकाठीकडे धावला.

"ओढ!" टॅमसिन म्हणाली.

शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, आणि टॅमसिननं एकाच घावात दोरी कापली. साखळी खडखडत समुद्रात गेली. बोट एका अंगाला कलली, वळली आणि खडकाच्या टोकाला जेमतेम चुकवून मोकळ्या पाण्यात आली. जोरी मागे पडत जाणाऱ्या पिवळ्या बोयाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवला, तेव्हा दोन शेजाऱ्यांना घेऊन जोरी पिवळा बोया शोधायला गेला. नांगर परत आणला. संध्याकाळी मी धक्क्यावर गेलो तर तो बोटीच्या पोटात ओणवा होऊन साखळीच्या टोकाला नवी दोरी बांधत होता. बारीकच.

टॅमसिननं गाठ ओढून पाहिली. "किती घट्ट आवळलीयस रे! उद्या सुटायची कशी?"

"सोडायची कशाला?" जोरी मान वर न करता म्हणाला, आणि शेजारच्या खिळ्याला त्यानं स्वतःची सुरी अडकवली.