माझा दारवान चॅन्सेलर झाला

मी एक जुनी, काळवंडलेली, ओकच्या लाकडाची जाळी आहे. विंटरकोट गावच्या चर्चमध्ये वेदी आणि लोकांची बाके यांच्या मधोमध पाचशे वर्षे उभी आहे. इतक्या वर्षांत मला कोणी धड ओळखले नाही, म्हणून मित्रांनो, आज जरा चिडूनच बोलते.

दोन सुतार भावांनी मला एका हिवाळ्यात घडवले. तेव्हा सारा गाव बघायला लोटला होता. पुढे मात्र माझ्यावर ओल्या छत्र्या लटकल्या, आणि एकदा तर कुत्र्याचा पट्टा!

वास्तविक माझे घराणे मोठे. रोमन न्यायालयात न्यायाधीश आणि गर्दी यांच्यामध्ये अशीच जाळी असे. जाळीला लॅटिनमध्ये ‘कॅन्सेली’ म्हणत; त्यावरूनच तिच्याजवळ बसणाऱ्या दारवानाला चॅन्सेलर हे नाव पडले. लोकांचे अर्ज आत द्यायचे, गोंधळ बाहेर ठेवायचा, एवढेच त्याचे काम. हळूहळू स्वारी राजाचा शिक्का सांभाळू लागली, दरबारात मंत्री झाली, चर्चमध्ये बिशपच्या वतीने न्याय देऊ लागली. माझ्या नावावर मोठे झाले आणि मलाच विसरले!

गेल्या वर्षी नव्या व्हिकरनी, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू क्रिस्पिन लॅडब्रूक यांनी, मला काढून तिथे कॉफीची टेबले मांडायचे ठरवले. आमच्याकडे बिशपच्या या चॅन्सेलरच्या परवानगीशिवाय चर्चमधले असे काही हलवता येत नाही. म्हणून चॅन्सेलर इमोजेन थ्वेट सुनावणीला चर्चमध्येच आल्या आणि माझ्या आतल्या बाजूला, वेदीजवळ बसल्या.

माझ्या बाजूने एकट्या बेरिल स्टब्ज होत्या. चाळीस वर्षे त्याच मला मेण लावतात. गुडघ्यांमुळे त्यांना वेदीकडच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून त्या बाहेर पहिल्या बाकावर बसल्या.

"मोठ्याने बोला हो! इथे काही पोचत नाहीये," त्या ओरडल्या.

"बघा! जाळीच आड येते," व्हिकर म्हणाले.

"जाळी कुठली? तुमचं पुटपुटणं आड येतं. रविवारीसुद्धा तेच!"

आता संपलेच, असे मला वाटले. तेवढ्यात चॅन्सेलरबाई खुर्ची उचलून खाली आल्या आणि माझ्या दाराशी येऊन बसल्या. "सांगा, मिसेस स्टब्ज."

"माझे आर्थर गेले, तेव्हा शवपेटी आत नेताना मी हिलाच धरून उभी होते. आता काय टेबलाला धरू?"

मग बाई म्हणाल्या, "व्हिकर, मी आत्ता बसलेय ना, तीच माझ्या हुद्द्याची मूळ जागा. जाळी राहील. दार मात्र कायम उघडं ठेवायचं. आणि यांचे गुडघे दुखतात, तेव्हा मेण तुम्ही लावायचं."

"मी?"

"दर शनिवारी."

व्हिकर लावतात, पण कोपरे सोडतात. बेरिल बाकावरून ओरडतात, "खालचं राहिलं!"

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसाल तेव्हा कोपरेही पुसा. आणि उद्या मोठा हुद्दा मिळाला, तर खुर्ची जरा जाळीकडे ओढून बसा. पलीकडे कोणाला तरी ऐकू येत नसते.